धाग्यांचा हिशेब

आमच्या आत्याने परवा फोनवर विचारलं, "अरे, तुमचे ते सर्व्हर एवढे मोठे असतात म्हणतोस, मग काही भरायला गेलं की ते चक्र नुसतं गोल गोल फिरत का बसतं?" मी नेहमीसारखं "लोड येतो गं" म्हणून वेळ मारून नेली. पण लोड येतो म्हणजे नक्की काय होतं, हे तिला नीट सांगायचं तर थ्रेड या प्रकरणापासून सुरुवात करावी लागेल. आणि थ्रेडचा इतिहास मोठा रंजक आहे. आमच्या धंद्यातल्या मंडळींनाही तो तुकड्यातुकड्यातच माहीत असतो. म्हणून आज जरा सविस्तर.

लग्नाच्या कार्यालयातलं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. ते अख्खं स्वयंपाकघर, त्यातले डबे, पातेली, किराणा, म्हणजे एक प्रोसेस, अर्थात चालू असलेला एक प्रोग्रॅम. त्यात काम करणारा एकेक आचारी म्हणजे एकेक थ्रेड. शेगड्या म्हणजे प्रोसेसर. समजा चारच आहेत. प्रत्येक आचाऱ्याला चिरायला, मळायला स्वतःची थोडी जागा लागते, तिला आम्ही स्टॅक म्हणतो. आणि कुणाला किती वेळ शेगडी द्यायची हे ठरवणारा मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर.

शेगड्या चार असताना आचारी चारच का नकोत? कारण आचाऱ्याचा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. दूध यायचंय, नारळ फोडून व्हायचेत. संगणकाच्या भाषेत डिस्कवरून काही यायचंय, नेटवर्कवरून उत्तर यायचंय. एक जण थांबला की दुसऱ्याने शेगडी वापरावी. म्हणून चार शेगड्यांवर वीस आचारी असले तर उलट काम चांगलं उरकतं. पण चारशे आचारी आणले तर? त्यांची नेमणूक करण्यात वेळ जाणार, त्यांना उभं राहायला जागा लागणार, आणि शेगडीवरून एकाचं पातेलं उतरवून दुसऱ्याचं चढवण्यातच मुकादमाचा दिवस जाणार.

म्हणजे थ्रेडचे खर्च तीन: तो बनवण्याचा, तो ठेवण्याचा आणि त्यांची अदलाबदल करण्याचा. गेल्या साठ वर्षांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यातला एखादा खर्च कुणीतरी हुशारीने कमी करतं, लगेच आपण सगळे पूर्वीपेक्षा कैकपट थ्रेड बनवायला लागतो, आणि मग बिल दुसऱ्याच खिडकीवर येतं.

'थ्रेड' हा शब्द या अर्थाने रूढ व्हायच्या आधी कल्पना आली. १९६३ मध्ये मेल्विन कॉनवे यांनी एका निबंधात 'फोर्क' आणि 'जॉइन' या दोन क्रिया मांडल्या. चालू कामाला फाटा फोडायचा आणि पुढे ते फाटे पुन्हा एकत्र आणायचे. शब्द सापडतो तो एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर यांच्या १९६६ च्या प्रबंधात, आणि तिथे त्यांनी शब्दाचं श्रेय व्हिक्टर व्हिसॉट्स्की यांना दिलं आहे.

त्यानंतर १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या, तेव्हाच्या मानानेही जुनाट मशिनवर युनिक्स सुरू केलं. तिथे थ्रेड नव्हते, प्रोसेसेस होत्या. एक काम चालू असताना दुसरं सुरू करायचं तर फोर्क करून अख्ख्या प्रोसेसची नक्कल काढायची. आपल्या उदाहरणात सांगायचं तर आणखी एक आचारी हवा म्हणून शेजारी हुबेहूब दुसरं स्वयंपाकघर बांधायचं! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्या मशिनवर तो सोयीचा होता. मेमरीत एका वेळी एकच प्रोसेस मावायची, त्यामुळे चालू प्रोसेस डिस्कवर उतरवून ठेवायची सोय आधीच केलेली होती. नक्कल काढायची म्हणजे तीच सोय थोडी वेगळ्या रीतीने वापरायची. रिची यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की पीडीपी-७ वर फोर्कला असेम्ब्लीच्या बरोब्बर २७ ओळी लागल्या.

पुढे मशिन मोठी झाली, प्रोग्रॅम मोठे झाले, आणि अख्ख्या स्वयंपाकघराची नक्कल जड वाटायला लागली. १९७९ मध्ये बर्कलीच्या युनिक्समध्ये 'व्हीफोर्क' नावाची पळवाट आली. तिच्यात नक्कल काढायचीच नाही, नव्या प्रोसेसने आपला खरा प्रोग्रॅम सुरू करेपर्यंत जुन्याचीच जागा उसनी वापरायची. 'जोवर कुणी बदल करत नाही तोवर दोघांनी एकच प्रत वापरा' ही युक्तीही सर्रास झाली. तरी नवं स्वयंपाकघर ते नवंच. मग प्रश्न आला, की एकाच स्वयंपाकघरात दोन आचारी का नकोत? कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ पासून रिचर्ड रशीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'माख' ही सिस्टिम बनवायला घेतली, तिच्यात ही फोड स्वच्छ केली आहे. जागा, मेमरी, साधनसामग्री हे एकीकडे (त्याला ते टास्क म्हणतात) आणि काम करणारा थ्रेड दुसरीकडे. पुढे ॲपलच्या मॅकमध्ये जी सिस्टिम आली, तिच्या पोटात हेच माख आहे.

या सगळ्याची किंमत आकड्यांत बघायची असेल, तर १९९१ चा एक शोधनिबंध माझा फार आवडता आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टॉम अँडरसन, ब्रायन बर्शाड, एड लाझोव्स्का आणि हँक लेव्ही यांचा. त्यांनी डेक कंपनीच्या 'फायरफ्लाय' मशिनवर मोजमाप केलं. काहीच न करणारं एक काम सुरू करून संपवायला किती वेळ लागतो? युनिक्सची अख्खी प्रोसेस बनवली तर ११,३०० मायक्रोसेकंद. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने बनवलेला थ्रेड असेल तर ९४८. आणि कर्नलला न विचारता प्रोग्रॅमने आपला आपणच बनवलेला थ्रेड असेल तर फक्त ३४! त्याच मशिनवर साधा फंक्शन कॉल सुमारे ७ मायक्रोसेकंदांचा होता. म्हणजे तिसऱ्या प्रकारचा थ्रेड जवळजवळ फुकटच.

एवढा फरक का? कर्नल म्हणजे सरकारी कचेरी. तिथे जायचं तर उंबरठा ओलांडायलाच वेळ, मग तपासणी, नोंदवही, सगळ्यांना लागू पडतील असे नियम. घरातल्या घरात आचारी बदलायला या कशाचीच गरज नाही. पण घरगुती आचाऱ्यांची एक अडचण असते. मुकादमाला त्यांच्यातला एकच दिसतो. तो दुधाची वाट बघत थांबला की मुकादम समजतो सगळं घरच थांबलं, आणि शेगडी काढून घेतो. अँडरसन मंडळींनी सुचवलं की कर्नलने अशा वेळी घरात निरोप द्यावा, 'तुमचा एक थांबलाय, दुसरा कुणी आहे का?' कल्पना सुंदर होती. दोन थरांची व्यवस्था: खाली थोडे सरकारी थ्रेड, वर हवे तेवढे घरगुती.

सन कंपनीने सोलारिसमध्ये अशीच दोन थरांची रचना केली. पण दोन मुकादम, आणि दोघांनाही एकमेकांचं पूर्ण माहीत नाही, हे प्रकरण फार गुंतागुंतीचं निघालं. २००० मध्ये सोलारिस ८ सोबत साधी, एकास एक रचना पर्याय म्हणून आली आणि २००२ च्या सोलारिस ९ मध्ये तीच मुख्य झाली. नेटबीएसडीने तर १९९१ च्या निबंधातली कल्पनाच २००४ मध्ये उतरवली आणि २००९ मध्ये काढून टाकली. विद्वत्तेच्या दृष्टीने सुंदर असलेली गोष्ट रोजच्या वापरात टिकेलच असं नाही.

मधल्या काळात १९९६ मध्ये जावा आली आणि थ्रेड बनवणं दोन शब्दांचं काम झालं. त्याआधी थ्रेड हा जाणकारांचा प्रांत होता, आता तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या जर्नलमध्ये आला. गंमत म्हणजे जावात २००२ पर्यंत नेटवर्कवर न थांबता वाचायची सोयच नव्हती. उत्तर येईपर्यंत कुणीतरी थांबलं पाहिजे, म्हणून प्रत्येक ग्राहकामागे एक थ्रेड. हजार ग्राहक, हजार थ्रेड. त्यातले नऊशे नव्वद नुसते उभे.

त्याच वर्षी जॉन आउस्टरहाउट यांनी यूझनिक्सच्या परिषदेत भाषण दिलं, 'बहुतेक कामांसाठी थ्रेड ही वाईट कल्पना का आहे' अशा अर्थाचं. आणि २००३ मध्ये बर्कलीच्या तिघांनी बरोब्बर उलटा निबंध लिहिला, की जिथे एका वेळी खूप ग्राहक आहेत तिथे थ्रेडऐवजी इव्हेंट वापरणं हीच वाईट कल्पना आहे. थ्रेडची पद्धत वाचायला-लिहायला सोपी आहे, ती महाग पडते यात दोष बनवणाऱ्यांचा आहे, पद्धतीचा नाही, असा त्यांचा दावा. हा वाद सासू-सुनेच्या वादासारखा आहे, दोघींचंही खरं असतं.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी 'सी-१०-के' हा प्रश्न मांडला: एका सर्व्हरवर एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे? त्यांचा हिशेब अगदी किराणा दुकानातला. १००० मेगाहर्ट्झचं, २ जीबी मेमरीचं मशिन घ्या. वीस हजार ग्राहक धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्झ आणि १०० केबी येतात. एवढ्यात एक फाइल वाचून पाठवायला काय हरकत आहे? म्हणजे अडचण मशिनची नव्हतीच. तरीही सर्व्हर झोपायचे, कारण प्रत्येक ग्राहकामागे एक थ्रेड किंवा प्रोसेस ठेवायची सवय. विंडोजवर थ्रेडला मुळात १ एमबी स्टॅक राखून ठेवला जायचा. ३२-बिट विंडोजमध्ये प्रोग्रॅमला पत्ते २ जीबीचे. भागाकार करा, दोन हजारांच्या आसपास गाडी थांबणारच. लिनक्सवर साधारणपणे ८ एमबीची राखण, तिथे काही शेकड्यांतच.

आणि लिनक्सचं दुखणं एवढंच नव्हतं. तिथे १९९६ पासून फ्रान्सच्या झाविए लेरॉय यांनी लिहिलेली 'लिनक्सथ्रेड्स' ही लायब्ररी चालायची. कर्नलमध्ये थ्रेडची वेगळी सोय नसताना, आहे त्यात त्यांनी ते सगळं उभं केलं होतं, हे खरं तर कौतुकाचं. पण नवा थ्रेड बनवायचा तर प्रोग्रॅममधल्या एका 'मॅनेजर' थ्रेडकडे अर्ज करावा लागायचा, आणि तो एकटाच. कर्नलमध्येही अडथळे होते. नव्या थ्रेडला मोकळा नंबर शोधायला सगळी यादी चाळायची. थ्रेड संपला की पुन्हा यादी चाळायची. आणि शेगडी कुणाला द्यायची हे ठरवताना, तयार असलेल्या प्रत्येकाकडे एकदा बघून मगच निवड करायची. शंभर जण असतील तर हे कळतही नाही. हजारो असतील तर मुकादमाचा वेळ निव्वळ हजेरी घेण्यात संपतो. २००० च्या सुमारास आयबीएमच्या अभियंत्यांनी जावाच्या एका चॅट सर्व्हरच्या चाचणीत हेच पाहिलं: काम कमी, हजेरी जास्त.

२००२ साली दोन तंबू पडले. आयबीएमच्या मंडळींनी दोन थरांची रचना घेतली, नाव एनजीपीटी. रेड हॅटच्या उलरिच ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी ठरवलं की एकास एकच ठेवायचं, पण कर्नलच दुरुस्त करायचा. मोलनार यांनी शेड्युलर असा लिहिला की तयार थ्रेड दहा असोत की दहा हजार, निवडीला सारखाच वेळ. नंबर शोधणं, थ्रेड संपवणं, सगळीकडची यादी-चाळणी काढली. मॅनेजर थ्रेड गेला. 'फ्युटेक्स' नावाची नवी सोय आली होती, तिच्यामुळे कुलूप मोकळं असेल तर कर्नलपर्यंत जायलाच नको. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांनी एनपीटीएल जाहीर केलं. एक लाख थ्रेड सुरू करायच्या चाचणीला जुन्या कर्नलवर सुमारे १५ मिनिटं लागत, ती २ सेकंदांवर आली. २००३ मध्ये एनजीपीटी गुंडाळलं गेलं आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलसोबत हे सगळं जगभर पोचलं.

पंधरा मिनिटांवरून दोन सेकंद! बनवण्याचा खर्च जवळजवळ संपला. पण ठेवण्याचा? ३२-बिट लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडला कर्नलच्या आतही ८ केबी जागा लागायची. एक लाख थ्रेड म्हणजे सुमारे ८०० एमबी, आणि ही जागा ज्या भागातून यायची तो भागच मुळात ८९६ एमबीचा. म्हणजे लाख आचाऱ्यांची नेमणूक दोन सेकंदांत झाली, पण कोठीघरच भरून गेलं.

इथे जरा स्वतःचं सांगतो. २००७ साली मी पुण्यात एका कंपनीत होतो, ग्राहक परदेशातला. आमची सर्व्हिस साधी, मागणी आली की एक थ्रेड ती हातात घेणार, डेटाबेसला विचारणार, उत्तर देणार. सेकंदाला ५० मागण्या, प्रत्येकीला २ सेकंद, म्हणजे एका वेळी सरासरी १०० थ्रेड कामात. (हा गुणाकार जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रीतसर सिद्ध केला, पण हॉटेलच्या गल्ल्यावर बसणाऱ्या कुणालाही तो माहीत असतो.) मर्यादा २०० ची होती, म्हणजे ऐसपैस. एका महिनाअखेरीला रात्री सगळं तुंबलं. फोनाफोनी झाली आणि वरून हुकूम आला, 'थ्रेडची मर्यादा १००० करा.' रात्रपाळीला एक नवीन मुलगा होता. त्याने सांगितलं तसं केलं. वीस मिनिटांत सर्व्हर जो आधी नुसता संथ होता तो मेलाच. लॉगमध्ये संदेश: मेमरी संपली, नवीन नेटिव्ह थ्रेड बनवता येत नाही. मशिनमध्ये मेमरी तर ढीगभर मोकळी होती! संपले होते ते ३२-बिट प्रोग्रॅमचे पत्ते.

दोन दिवसांनी खरं कारण निघालं. महिनाअखेरचा एक रिपोर्ट डेटाबेसमध्ये एक टेबल अडवून बसला होता, त्यामुळे प्रत्येक मागणीला २ च्या जागी २० सेकंद लागत होते. पन्नास गुणिले वीस, हजार. थ्रेड वाढत होते ते लोड वाढला म्हणून नाही, काम पुढे सरकत नव्हतं म्हणून. आणि डेटाबेसची कनेक्शनं होती चाळीस. थ्रेड दोनशे करा नाहीतर हजार, आत चाळीसच जाणार, बाकीचे दारात उभे. दारातली गर्दी वाढवून आतलं काम कधी लवकर होतं का?

पण ग्राहकाला गेलेल्या पत्रात कारण लिहिलं होतं, 'ड्यूटीवरील व्यक्तीने केलेला चुकीचा बदल'. आम्ही दोघा-तिघांनी आवाज उठवला, पण पत्र आधीच गेलं होतं. त्या मुलाने सहा महिन्यांत नोकरी सोडली. थ्रेडचा हिशेब न समजल्याची किंमत मशिनने नाही, त्याने भरली. हा इतिहास मला नुसता तांत्रिक का वाटत नाही, ते यावरून लक्षात येईल.

जग तोवर पुढे गेलं होतं. रशियाच्या इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये एनजिन-एक्स हा वेब सर्व्हर खुला केला. थोड्याच प्रोसेसेस, आणि प्रत्येकीने हजारो ग्राहकांकडे आळीपाळीने बघायचं, थांबून कुणासाठीच राहायचं नाही. लिनक्समध्ये २००२ मध्ये आलेल्या ई-पोलमुळे हे शक्य झालं. जावातही २००४ मध्ये डग ली यांच्या कामातून 'थ्रेड पूल' भाषेबरोबरच मिळू लागले: दर कामाला नवा आचारी नको, ठरावीक आचारी कायम ठेवा आणि कामं रांगेत लावा.

आणि मग हरलेली कल्पना मागच्या दाराने परत आली. एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग आणि सहकारी १९८६ पासून अर्लांग भाषेत हलक्या, घरगुती प्रोसेसेस वापरतच होते. २००९ मध्ये गूगलची गो भाषा आली. तिचे 'गो-रूटीन' अवघ्या काही केबींत सुरू होतात आणि लागेल तसे वाढतात. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ सोबत 'व्हर्च्युअल थ्रेड' आले, ते लाखांनी बनवता येतात. ही सगळी दोन थरांचीच रचना, १९९१ च्या निबंधातली, सोलारिसने सोडून दिलेली. मग या वेळी ती कशी जमली? कारण वरचा मुकादम आता भाषा स्वतःच आहे. कोणता थ्रेड कुठे थांबणार आहे हे तिला आधीच माहीत असतं. तो थांबायच्या आत त्याला ती बाजूला घेते. कर्नलने निरोप द्यायची गरजच उरली नाही.

म्हणजे सुटला का प्रश्न? २५ नोव्हेंबर २०२० चा दिवस बघा. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात 'किनेसिस' ही सेवा कोसळली. तिथल्या वेळेचा हिशेब ॲमेझॉनने पॅसिफिक घड्याळात दिला आहे: पहाटे सव्वापाचला धोक्याच्या घंटा, आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसात. कारण काय? या सेवेच्या पुढच्या फळीत हजारो सर्व्हर. प्रत्येकाने बाकीच्या प्रत्येकाशी बोलायला एकेक थ्रेड ठेवलेला. सर्व्हर वाढले की प्रत्येकाचे थ्रेड वाढणार. त्या पहाटे क्षमता वाढवावी म्हणून थोडेसे नवे सर्व्हर जोडले, आणि सगळ्या सर्व्हरवर एकदमच ऑपरेटिंग सिस्टिमने घालून दिलेली थ्रेडची मर्यादा ओलांडली गेली. मदतीला आलेल्या माणसांनीच वजन वाढवून होडी बुडवली म्हणा ना.

किनेसिसवर अवलंबून असलेल्या इतर सेवाही लंगडल्या. 'आमच्याकडे बिघाड आहे' हे सांगायच्या पानात माहिती भरायचं साधन ज्या लॉगिन सेवेवर चालायचं, तीही त्यात होती. सर्व्हर पुन्हा सुरू करायचे तर तासाला काही शेकडेच करता येत होते, घाई केली तर पुन्हा तेच. सगळं सुरळीत व्हायला रात्रीचे १० वाजून २३ मिनिटं झाली, सतरा तासांहून जास्त. आणि तातडीचा उपाय काय ठरला? मोठी मशिनं घ्यायची, म्हणजे संख्या कमी लागेल, म्हणजे थ्रेड कमी होतील.

इथे थ्रेड 'बनवणं' अजिबात महाग नव्हतं. एनपीटीएलला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. महाग पडलं ते स्वस्तपणामुळे कुणी न मोजणं. थ्रेड जेव्हा ९४८ मायक्रोसेकंदांना पडायचा तेव्हा लोक बनवताना दहादा विचार करायचे. दोन सेकंदांत लाख मिळायला लागल्यावर तो हिशेबाच्या वहीतूनच गेला. व्हर्च्युअल थ्रेडचंही तेच होईल अशी माझी धास्ती आहे. दहा लाख थ्रेड आनंदाने उभे राहतील, आणि पलीकडे डेटाबेसची कनेक्शनं असतील तीच चाळीस. आत्याचं गोल चक्र फिरत राहील, फक्त रांग दुसऱ्या दारात लागलेली असेल.

ॲमेझॉनने त्या दिवसाबद्दल जो अहवाल प्रसिद्ध केला, तो जमलं तर जरूर वाचा. काय जोडलं, कुठे मर्यादा ओलांडली, काय बदलणार, सगळं क्रमाने आहे. पहाटे सर्व्हर जोडणारा कुणीतरी माणूस असेलच, किंवा तसं करणारी आज्ञा कुणीतरी दिली असेल, पण त्याच्यावर बोट नाही. दोष रचनेचा होता आणि तो रचनेलाच दिला. २००७ मधल्या त्या पत्राशेजारी हा अहवाल ठेवून बघितला की मला अजून वाईट वाटतं.

सध्या माझ्या हाताखाली चार-पाच नवीन मुलं-मुली आहेत. 'थ्रेड वाढवा' असं कुणी सांगितलं, अगदी मी सांगितलं तरी, आधी काम नेमकं कुठे अडलंय ते बघून मला सांगायचं, असं त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय. परवा त्यातल्या एकीने मलाच अडवलं, "सर, आधी डेटाबेस बघू या का?" तिचं बरोबर होतं. असो, या निमित्ताने आत्याचं उत्तरही लिहून झालं. आता तिला हे वाचून दाखवायची जबाबदारी तिच्या नातवावर.